मुक्कामी सेवेला जाताय? परतायची तारीख पहिल्याच दिवशी सांगा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याची 26 वर्षांची मुलगी, आयटीतली नोकरी नुकतीच सोडलेली. जानेवारीपासून सहा महिने मुंबईतल्या एखाद्या ख्रिस्ती घरात राहून निराधार वृद्ध आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांमध्ये काम करायचं तिच्या मनात आहे. घर हिंदू. आई म्हणते, ‘तिथे राहायला गेलीस की हळूहळू बाटवतील.’ वडील म्हणतात, ‘सेवाच करायची ना, मग ठाण्याहून जा-ये कर.’ तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: राहावं की जा-ये करावी, आईला काय सांगावं, आणि तिथे दिवसभर नक्की करायचं काय असतं.

मी वसईची, कॅथलिक घरातली. 2003 साली समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू झाल्यावर पश्चिम उपनगरातल्या अशाच एका घरात तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि नऊ वर्षं मुक्कामी राहिले. लग्नानंतर विरारहून रोज जाते. नवीन व्हॉलंटियरांना पारखणं, शिकवणं आणि मुदत संपली की वेळेवर घरी पाठवणं हे माझं काम. घराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांच्या गोष्टी सांगणार आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची परवानगी घ्यायला गेले तर मी कशाची परवानगी मागतेय हेच त्यांना कळणार नाही.

तर राहा. वडिलांचं म्हणणं व्यवहाराचं आहे, पण ठाण्याहून जा-ये करणारी व्हॉलंटियर दहाच्या सुमाराला पोचते. तोवर आंघोळी आटोपलेल्या असतात, केस विंचरलेले असतात, नाश्ता झालेला असतो. चारला ती निघते, आणि दिवेलागणीला जी चलबिचल सुरू होते ती तिला कधीच दिसत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आमच्या एक आजी रोज सहाच्या आसपास पिशवी भरतात आणि दाराशी जाऊन बसतात, कारण मुलगा शाळेतून यायची वेळ झाली. तो मुलगा आज साठीचा असेल, असला तर. रात्री दोनला कोणी अंथरूण ओलं केलेलं असतं, कोणी उठून दुसऱ्याच्या पलंगावर झोपलेलं असतं. दहा ते चार या वेळात काम करून घर कळलं असं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

मात्र थेट बॅग घेऊन येऊ नका. आधी आठ-दहा दिवस जा-ये करा, त्यातले दोन दिवस तरी सकाळी सहाला हजर राहा. वास सहन होतो का, ओरडण्याने छातीत धडधडतं का, कोणाची शी धुतल्यावर दुपारी जेवण जातं का, हे तुम्हालाच बघायचं आहे. नाही जमलं तर त्यात लाज काही नाही. स्वयंपाकघर, औषधांची वही, दवाखान्याच्या फेऱ्या, हिशेब अशी शंभर कामं दिवसा येऊन करता येतात आणि ती करणारी माणसं आम्हाला कायम कमी पडतात.

कुठलं घर, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. ‘ख्रिस्ती संस्था’ असं एकच काही नसतं. भायखळ्याचं आशा दान हे मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं घर, हिंदुस्थान लिव्हरच्या (आताच्या हिंदुस्तान युनिलिव्हरच्या) जागेवर 1976 पासून चालू आहे. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर यांचा वृद्धाश्रम आहे. या सिस्टरांच्या संस्थापिका जान ज्युगां यांनी 1839 साली फ्रान्समध्ये एका आंधळ्या म्हातारीला घरी आणून स्वतःचा पलंग दिला, तिथून या संघाची सुरुवात झाली. रस्त्यावरच्या मुलांसाठी जेझुइट धर्मगुरूंचं स्नेहसदन 1962 पासून आहे, वडाळ्याचं शेल्टर डॉन बॉस्को 1987 पासून. पनवेलजवळचा सील आश्रम 1999 पासून मुंबईच्या फुटपाथांवरून माणसं उचलून आणतो, बरी करतो आणि घरचा पत्ता लागला तर गावी पोचवतो. मुलांचं घर, म्हाताऱ्यांचं घर आणि रस्त्यावरून आलेल्या मनोरुग्णांचं घर या तीन अगदी वेगळ्या नोकऱ्या आहेत असं समजा. सिस्टर जिथे राहतात त्या कॉन्व्हेंटमध्ये बाहेरच्या माणसाला सहसा राहता येत नाही. व्हॉलंटियरसाठी वेगळी खोली आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

‘मदत करणारे आणि घेणारे असा भेद नको, सगळ्यांनी एका घरात एकत्र राहायचं’ या विचारावर उभी असलेली घरंही आहेत. त्यातलं जगभर पसरलेलं नाव म्हणजे लार्श. 1964 साली फ्रान्समधल्या एका खेड्यात सुरुवात झाली, भारतात 1970 साली बंगळूरला आशा निकेतन निघालं. आमच्या घराने त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं आहे. लार्शबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही.

आता आई. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. ती सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी याच कारणाने एकदा पेटलेली आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, विधवा मुलींना राहून शिकता यावं म्हणून. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण सदनात धर्माच्या बाबतीत मोकळीक असेल असं ठरलेलं, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात. सदन पुण्याला हललं. काही मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्याच वर्षी त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या बाया कर्वे झाल्या. ख्रिस्ती झाल्या नाहीत. शिकल्या मात्र तिथेच. आईंना दोन्ही गोष्टी सांगा. अर्धीच सांगितलीत तर उरलेली अर्धी कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवेलच.

आमच्याकडे काय असतं? सकाळी सहाला सिस्टर आणि ज्यांना हवं ते मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेला, बसतात. संध्याकाळी जपमाळ. जेवणाआधी अर्धा मिनिट प्रार्थना, तेवढा वेळ सगळेच गप्प उभे राहतात, तुम्हीही राहाल. मिस्साच्या वेळी कोणीतरी वॉर्डात थांबावंच लागतं, त्यामुळे प्रार्थनेला न येणारी व्हॉलंटियर आम्हाला उलट सोयीची पडते. गणपतीत आमच्या हॉलमध्ये आरती होते, कारण घरातली निम्म्याहून जास्त माणसं हिंदू आहेत आणि त्यांना ती हवी असते. टाळ कोणी वाजवायचे यावरून दर वर्षी भांडण ठरलेलं.

हेच चित्र सगळीकडे असेल असं छातीठोक सांगणार नाही. काही घरं प्रार्थनेची सक्ती करतात. बिछान्याला खिळलेल्या माणसाला भरवता भरवता उपदेश करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ख्रिस्ती म्हणून मला त्याची चीड येते. जो उठून जाऊ शकत नाही त्याला काय ऐकवायचं याची मर्यादा पाळायला हवी. म्हणून पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारा. एक, प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? त्याचं उत्तर सगळेच ‘नाही’ देतील. खरा प्रश्न दुसरा: घरातला हिंदू किंवा मुसलमान माणूस वारला तर तुम्ही काय करता? याचं उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळते का ते बघा.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडचे एक आजोबा गेले, कोल्हापूरकडचे. नातेवाइकांना कळवलं, कोणी आलं नाही. पोलिसांचे कागद, डॉक्टरांचा दाखला हे सगळं होईस्तोवर दुपार झाली. स्मशानात गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार? आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर आमच्या ब्रदरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं. तीन फेऱ्या मारताना गुरुजी त्यांना हळूच सांगत होते, डावीकडून, डावीकडून. आईंना हवं तर हे सांगा. किंवा त्यांना एकदा घेऊनच या. आमच्या बऱ्याच व्हॉलंटियरांच्या आया पहिल्यांदा तपासणीला आल्या आणि नंतर दर महिन्याला शेवग्याच्या शेंगा घेऊन यायला लागल्या.

काम काय असतं? मुंबईतल्या निवासी घराचं वेळापत्रक पाण्यावर चालतं. आमच्या गल्लीत पालिकेचं पाणी पहाटे येतं आणि साडेआठच्या आत जातं. तेवढ्या वेळात टाकी, पिंपं, बादल्या भरायच्या, ओली अंथरुणं धुवायची आणि जास्तीत जास्त आंघोळी उरकायच्या. तुमचा पहिला महिना बहुधा या दोन-अडीच तासांतच जाईल. नवी माणसं म्हणतात, मला त्यांच्याशी गप्पा मारायच्या होत्या, मी नुसत्या बादल्याच उचलतेय. गप्पा आंघोळीतच होतात. पाठीला साबण लावताना जे बोलणं निघतं ते खुर्ची टाकून ‘कसं वाटतंय तुम्हाला?’ असं विचारल्यावर निघत नाही.

हे काम तुम्हाला मावशी शिकवतील. मावशी म्हणजे पगारी कामवाल्या, बहुतेक नालासोपारा-विरारच्या, दहा दहा वर्षं तिथेच काम केलेल्या. त्यांना तुमच्याइतकं इंग्रजी येत नाही, पण कोणाच्या कुठल्या कुशीला जखम आहे, कोण दात मिटून गोळी गालात ठेवतो, कोणाला फिट यायच्या आधी डोळे कसे होतात, हे त्यांना पाठ असतं. इंजिनियर झालेल्या मुलीला मावशीच्या हाताखाली काम करणं जड जातं, हे मी कैकदा बघितलंय. ते जमणार नसेल तर बाकी काहीच जमणार नाही.

एकच काम जरा जवळून सांगते, भरवणं. ते सगळ्यांना सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात अर्धांगवायू झालेल्या एक आजी मला दिल्या होत्या. त्या आडव्या होत्या, उशी थोडी उंच केली आणि मऊ भात-वरण भरवायला लागले. मागे दहा जण बाकी, म्हणून घाई. चौथ्या घासाला त्यांचा चेहरा बदलला. आधी वाटलं रागावल्या. मग ओठ निळसर दिसायला लागले. खोकलाही येत नव्हता. शेजारच्या पलंगाजवळच्या मावशीने धावत येऊन त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ठोके दिले. पाचव्या ठोक्याला घास बाहेर पडला. आजी वाचल्या. पुढे दोन वर्षं त्यांना मीच भरवत होते, आणि प्रत्येक वेळी पहिल्या घासाला त्या माझ्याकडे बघायच्या.

तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला मी स्वतः भरवायला शिकवते. माणूस सरळ बसलेला हवा, पाठ टेकलेली, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की अन्न चुकीच्या नळीत जायला मोकळं. तुम्हीही बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. उभं राहून भरवलं की तो मान वर करतो. चमचा लहान, चहाचा. घास दिल्यावर गळ्याकडे बघायचं, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं. मगच पुढचा. गालात साठवणारे असतात, त्यांच्या गालावरून हलकेच बोट फिरवायचं. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर पेज दाट करायची. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, मागून किती जण वाट बघत असले तरी. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ती लागतातच.

बाकीचं पटकन सांगते. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर कंबर, टाच, खांदा इथली कातडी आधी लाल होते आणि मग फाटते. उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, आणि एकटीने कोणालाही उचलायचं नाही. खरूज होऊ शकते, तुम्हालाही होईल. एकाला दिसली की आमच्याकडे एकाच रात्री अख्ख्या घराला मानेपासून पायापर्यंत परमेथ्रिनचं मलम लागतं, सिस्टरांसकट, आणि आठवड्याने पुन्हा. एकट्यादुकट्याला लावून खरूज घरातून जात नाही. यायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा असा तिचा क्रम असतो, म्हणजे जानेवारीला यायचं तर निदान दोन तरी झालेले असावेत.

कागदपत्रांकडे बहुतेक जण कटकट म्हणून बघतात. आधार कार्ड, पोलिसांचा चारित्र्य दाखला, ओळखणाऱ्या दोन माणसांचे फोन, छातीचा एक्स-रे आणि नियमांची एक यादी, जिच्यावर सही करावी लागते. मुलांचं घर असेल तर ते 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदलेलं असायलाच हवं, नोंदणी पत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका. कोणी काहीच न मागता ‘उद्यापासून या’ म्हणालं, तर तिथे जाऊ नका. तुमच्याबद्दल काहीच न विचारणाऱ्या घराने तुमच्या आधी आलेल्यांनाही काही विचारलेलं नसतं.

इथे लार्शची ती गोष्ट. तिचे संस्थापक जाँ व्हानिए यांना लोक संतच मानत. ते 2019 मध्ये वारले. 2020 मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीत कळलं की त्यांनी सहा स्त्रियांचं आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली लैंगिक शोषण केलं होतं. 2023 च्या अहवालात हा आकडा किमान 25 वर गेला. ते वाचलं त्या दिवशी मी लोकलमध्ये होते, बोरिवलीला उतरायचं विसरले. माझ्या टेबलावर त्यांचा फोटो होता, तो मी काढला. आमच्या नियमांच्या यादीत काही वाक्यं त्यानंतर वाढली. बंद दाराआड एकटीने कोणाला आंघोळ घालायची नाही. कोणा फादर, ब्रदर, सिस्टरची ‘खास’ व्हॉलंटियर व्हायचं नाही. घरातल्या कुणाला अयोग्य स्पर्श झाल्याची शंका आली तर आधी चर्चा नाही, तक्रार. मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य ऐकू आलं की समजा, तुम्हाला योग्य ठिकाणीच शंका आलीय.

फोटोचंही सांगते. आमच्याकडच्या एका गोड स्वभावाच्या व्हॉलंटियरने मुलांच्या घरातल्या वाढदिवसाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. फुगे, केक आणि मागे शाळेचा बिल्ला लावलेली मुलगी. जिच्यापासून लपवून त्या मुलीला ठेवलं होतं, ती व्यक्ती चार दिवसांत शाळेच्या फाटकाशी उभी. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला आठवतो तो शाळेतून आलेला फोन. मोठ्या माणसांचेही फोटो नकोत. ‘माझं आयुष्य बदलवणारा अनुभव’ अशी ओळ लिहून कोणाच्या तरी लाळ गळणाऱ्या तोंडाचा फोटो टाकू नका.

पैशाचं साधं आहे. जेवण आणि पलंग मिळतो, पगार नाही. उलट कोणी तुमच्याकडून ‘अनुभवाची फी’ मागत असेल तर सोडा. सहा महिन्यांचे हप्ते, विमा, मोबाईल याची तजवीज करून या. घरात कोणाला पैसे देऊ नका, कोणाकडून घेऊ नका. आठवड्याची सुट्टी मिळेल ती घ्या आणि घराबाहेर काढा. ठाण्याला जा, सिनेमा बघा, झोपा. सुट्टीच्या दिवशीही वॉर्डात रेंगाळणाऱ्या मुली दुसऱ्या महिन्यात कोसळतात. आणि एक अवघड प्रश्न विचारते, उत्तर मला देऊ नका: नोकरी का सोडलीत? कामाचा कंटाळा आला म्हणून आलात तर चालेल. पण मन मोडलंय, रात्र रात्र झोप नाही, अशा वेळी दुसऱ्यांची दुखणी उपसायला येऊ नका. आधी स्वतःचं बघा. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

आता ज्यासाठी हे शीर्षक दिलं ते.

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, पन्नाशीच्या पुढचे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. लिहिता-वाचता येत नाही. लहानपणी कोणीतरी त्यांना स्टेशनवर सोडून दिलं, एवढंच माहीत आहे. त्यांच्याकडे एक जाड हजेरीपट आहे, कुठल्या तरी शाळेचा टाकून दिलेला, लाल कापडी पाठीचा. रोज संध्याकाळी साडेसातला ते हॉलमध्ये खुर्चीवर बसतात आणि एकेकाचं नाव पुकारतात. नावं सगळी तोंडपाठ, क्रमसुद्धा. ‘हजर’ म्हटलं की पेन्सिलीने उभी रेघ. सिस्टरसुद्धा हजर म्हणतात, मीही म्हणते, आणि त्यासाठी माझी 7:10 ची विरार मी वर्षानुवर्षं सोडत आलेय.

काही वर्षांपूर्वी पुण्याची एक मुलगी चार महिने राहून गेली. कामाला वाघीण. मास्तरांशी तिचं विशेष जमायचं, त्यांच्या पेन्सिलींना ती टोक करून द्यायची. जायच्या दिवशी तिला रडू आवरेना, म्हणून सगळे दुपारी झोपलेले असताना निघून गेली. ‘सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल,’ असं मला म्हणाली, आणि मीही मूर्खासारखी हो म्हणाले. त्या संध्याकाळी मास्तरांनी तिचं नाव पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. मग जिन्याकडे बघून थांबले. तिच्या रेघेची जागा मोकळी ठेवून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तेच. हे सात महिने चाललं. सात महिने रोज एका नावापाशी अख्खा हॉल थांबायचा. आम्ही सांगून बघितलं, ‘ती गेली, पुण्याला गेली.’ ते मान हलवायचे आणि पुकारायचे. घरातली बहुतेक माणसं अशी सोडून दिलेलीच आहेत हो, कोणी स्टेशनवर, कोणी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. दुपारी न सांगता निघून जाणारं माणूस त्यांना नवीन नसतं.

आता आमचा नियम आहे. येणारी व्हॉलंटियर पहिल्या संध्याकाळी हजेरीला उभी राहते, नाव सांगते आणि जायची तारीखही सांगते. हॉलमधल्या कॅलेंडरवर, तेच कालनिर्णय, त्या दिवसाच्या चौकोनात तिचं नाव लिहितो. शेवटच्या आठवड्यात रोज उल्लेख होतो, अमुक दिवस राहिले. जायच्या दिवशी जेवणाला शिरा असतो, ती प्रत्येकाच्या पलंगापाशी जाऊन निरोप घेते, ज्याला काही कळत नाही असं आपल्याला वाटतं त्याच्याही. रडू आलं तर सगळ्यांसमोर रडते. त्या संध्याकाळी मास्तर तिचं नाव शेवटचं पुकारतात आणि रेघेऐवजी गोल काढतात. दुसऱ्या दिवसापासून ते नाव घेत नाहीत. हे त्यांना आम्ही शिकवलेलं नाही, त्यांनीच ठरवलं.

म्हणून सहा महिने म्हणालात ते आवडलं, पण ‘साधारण सहा’ असं घेऊन येऊ नका. 30 जून तर 30 जून. मध्येच नोकरीचा कॉल आला तर जा, फक्त चार दिवस हातात ठेवून सांगा. मुदत वाढवायची असेल तर एकदा घरी जाऊन पंधरा दिवस राहून या आणि मग ठरवा. मी तीन महिन्यांची नऊ वर्षं केली ती ठरवून केली नाहीत, निघणं जमलं नाही म्हणून झाली. आईच्या शेवटच्या आजारपणात मी दुसऱ्यांच्या आयांच्या कुशी बदलत होते. भावाने ते अजून मनात ठेवलं आहे, आणि त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

यायचं ठरलं तर सामान थोडंच आणा. सुती कुडते चार, ओढणी नको, कोणीतरी ओढतंच. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवून. ओल्या लादीवर न घसरणाऱ्या रबरी चपला दोन जोड, एक वॉर्डातला, एक बाहेरचा. कानात घालायला कापूस, पहिले काही दिवस तरी झोप लागावी म्हणून. डिसेंबरात बघायला येऊ नका, तेव्हा दानशूरांची रांग असते, एकेका दिवशी चार-चार केक कापले जातात आणि डायबेटिसवाल्यांना आवरताना आमची तारांबळ उडते. रविवारही नको. मधल्याच कुठल्या तरी मंगळवारी सकाळी सहाला या.

आणि मुक्कामाला आलात की पहिल्या संध्याकाळी हजेरीला नाव जरा मोठ्याने सांगा. मास्तरांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.